रात्रीची नाकाबंदी आणि नागरिकाचा हक्क

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव मोटार पदपथावर चढली. पदपथावर बांधकामावरचे मजूर आपल्या कुटुंबीयांसह झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक मद्य प्यालेला होता. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची कैद दिली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, सात जीव गेल्यावर ही शिक्षा फारच तोकडी आहे, असा अभिप्राय नोंदविला. दिवसभर शहर बांधायचे आणि रात्री त्याच शहराच्या रस्त्याकडेला निजायचे, हे ज्यांच्या नशिबी आले होते त्यांच्या जिवाचे मोल न्यायव्यवस्थेने कोणत्या तराजूने केले, याची ही नोंद आहे.

या घटनेनंतर सहा-सात महिन्यांनी, जून २००७ मध्ये, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मोहीम हाती घेतली. रात्री अडथळे उभे करायचे, वाहने थांबवायची, चालकाला श्वासमापक यंत्रात फुंकर मारायला लावायची आणि यंत्राने मर्यादेपेक्षा अधिक आकडा दाखविला तर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे. पुढे पुणे, ठाणे, नागपूर आणि देशातील बहुतेक मोठ्या शहरांत हीच पद्धत रूढ झाली. आज ३१ डिसेंबरची रात्र, होळी आणि नाकाबंदी ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, इतकी ती अंगवळणी पडली आहे. अंगवळणी पडलेल्या दंडसत्तेचीच तपासणी अधिक दक्षतेने करावी लागते. काहीही गैर न केलेल्या नागरिकाला रात्री वाटेत अडवून त्याचा श्वास मागण्याचा अधिकार शासनसंस्थेला आहे काय, असल्यास कोणत्या अटींवर, आणि त्यापायी नागरी स्वातंत्र्याची जी किंमत मोजावी लागते ती रास्त आहे काय, हा प्रश्न पुरोगामी चळवळीने आजवर गंभीरपणे घेतलेला नाही.

चळवळीत याबाबत दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. पहिले असे की, मोटारी उडविणाऱ्या वर्गाच्या गैरसोयीसाठी कष्टकऱ्यांच्या पक्षाने अश्रू का ढाळावेत? दुसरे असे की, आणीबाणीत मिसाखाली तुरुंग पाहिलेल्यांच्या परंपरेत पोलिसांच्या हाती कोणताही नवा अधिकार देण्याचा विचारच संभवत नाही. ही दोन्ही उत्तरे सभेत टाळ्या घेतात. विचाराला मात्र दोन्ही उपयोगी नाहीत. पहिले चुकीचे आहे, कारण नाकाबंदीत अडविला जाणारा माणूस बहुधा मोटारवाला नसतो. दुसरे चुकीचे आहे, कारण पदपथावर झोपलेल्या मजुराचा जगण्याचा हक्क हाही नागरी हक्कच आहे. राज्यघटनेचे २१ वे कलम चाकामागे बसलेल्यापुरते लिहिलेले नाही.

कायदा काय सांगतो हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण नाक्यावर उभा असलेला शिपाई आणि अडविलेला नागरिक या दोघांनाही तो सहसा ठाऊक नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १८५ व्या कलमाने रक्ताच्या १०० मिलिलीटरमध्ये ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हा दंड २०१९ च्या दुरुस्तीने दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर गेला. श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार येतो तो २०३ व्या कलमातून. त्या कलमातील शब्द महत्त्वाचे आहेत. चालकाने १८५ व्या कलमाखालचा गुन्हा केला असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल, तरच गणवेशातील अधिकाऱ्याने श्वासाचा नमुना मागावा, असे ते कलम म्हणते. वाहन वेडेवाकडे चालत होते, चालकाची जीभ अडखळत होती, तोंडाला दर्प होता, असे काहीतरी आधी दिसावे लागते. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण संशयित, अशी कल्पना त्या कलमात नाही. आणि नाकाबंदीची सारी रचना तर नेमक्या त्याच कल्पनेवर उभी आहे. व्यवहारात शिपाई आधी चालकाच्या तोंडाजवळ नाक नेतो किंवा त्याला बोलायला लावतो आणि त्यातून ‘वाजवी कारण’ निर्माण करतो. संशय असेल तर तपासा, असा कायद्याचा क्रम. संशय सापडेपर्यंत तपासा, हा नाक्यावरचा.

याच कायद्याने नागरिकाला काही कवचही दिले आहे. २०२ व्या कलमानुसार मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. चाचणी देण्यास नकार दिला तर तो नकार, योग्य कारण दाखविले नाही तर, २०५ व्या कलमान्वये आरोपीविरुद्ध धरता येतो. १९७१ साली महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस मद्यधुंद होता असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्ताची वा लघवीची तपासणी हवी. त्याच्याही आधी, १९६१ साली, अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे असे ठरविले. त्या न्यायाने श्वासाचा नमुना मागणे २० व्या कलमाच्या तिसऱ्या खंडाला बाधक ठरत नाही. तेव्हा फुंकर मारायला लावण्यात घटनाभंग आहे, असा टोकाचा दावा टिकणारा नाही. खरा प्रश्न फुंकरीच्या आधीच्या क्षणाचा आहे. कोणाला थांबवायचे, हे कोण ठरवितो?

हा वाद अमेरिकेत फार तपशिलाने झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली असे ठरविले की, गस्तीवरच्या पोलिसाला वाटले म्हणून रस्त्यातून एखादीच मोटार वेचून थांबविता येणार नाही. संशयाला आधार हवा. पण १९९० साली मिशिगन राज्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मद्यपी चालकांसाठी उभारलेली तपासणी नाकी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविली. तेथे एका रात्री सव्वा तासात १२६ वाहने थांबविली गेली होती, प्रत्येकाचा सरासरी २५ सेकंदांचा खोळंबा झाला होता आणि दोघांना अटक झाली होती. बहुमताचे म्हणणे असे की सर्वांनाच थोडा वेळ थांबविण्यात कोणाचा अपमान नाही आणि रस्त्यावरच्या मृत्यूंचा विचार करता एवढा खोळंबा क्षम्य आहे. अल्पमतातील न्यायमूर्ती ब्रेनन, मार्शल आणि स्टीव्हन्स यांना हे मान्य नव्हते. पुढची गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. खटला पुन्हा मिशिगनमध्ये गेला तेव्हा, १९९३ साली, त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याच्या घटनेखाली ही नाकी अवैध ठरविली. म्हणजे ज्या राज्याच्या नाक्यांमुळे देशभर ही पद्धत मान्य झाली, त्या राज्यातच ती बंद पडली. २००० साली इंडियानापोलिस शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक रेघ ओढली. मादक पदार्थ शोधण्यासाठी, म्हणजे सर्वसाधारण गुन्ह्यांच्या तपासासाठी, अशी नाकी उभारता येणार नाहीत. रस्त्यावरच्या तात्काळ धोक्यासाठी नागरिकाला थांबविणे वेगळे आणि थांबविलेच आहे तर आणखी काय सापडते ते पाहणे वेगळे. ही रेघ महाराष्ट्राच्या रस्त्यांवर कोठेच दिसत नाही, आणि या साऱ्या प्रश्नाची मेख तेथेच आहे.

नाकाबंदीचा उपयोग होतो का, याबद्दल मात्र संशय बाळगण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने १७ डिसेंबर १९८२ रोजी सरसकट श्वासतपासणी सुरू केली आणि प्राणघातक अपघात लक्षणीय प्रमाणात घटले. ते घटलेलेच राहिले. तेथे थांबविलेल्या प्रत्येकाची चाचणी होते, पोलिसाच्या नाकावर काही सोपविलेले नसते. भारतात तर याहून बोलका पुरावा आहे. २०१० व २०११ मध्ये राजस्थान पोलिसांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर एक प्रयोग केला. काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत नाकी ठरलेल्या एकाच जागी लावली, काही ठिकाणी ती फिरती ठेवली. फिरत्या नाक्यांच्या भागात रात्रीचे अपघात सुमारे १७ टक्क्यांनी आणि रात्रीचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. ठरलेल्या जागेच्या नाक्यांचा परिणाम जवळजवळ शून्य. कारण उघड आहे. कोणत्या चौकात पोलीस उभे असतात हे पिणाऱ्याला आठवड्याभरात कळते आणि तो दुसरा रस्ता धरतो. त्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट दिसली: स्थानिक ठाण्याच्या शिपायांपेक्षा पोलीस मुख्यालयाच्या राखीव तुकड्यांनी हे काम अधिक चोख केले. स्थानिक हितसंबंध म्हणजे काय, हे ज्याला तालुक्याच्या ठिकाणी ठाण्याची पायरी चढावी लागली आहे त्याला समजावून सांगायला नको.

आता आपल्या नाक्यांकडे पाहावे. रात्री अकरानंतर शहराच्या कोणत्याही नाक्यावर उभे राहिले तर लोखंडी अडथळ्यांपाशी बाजूला काढलेली वाहने कोणती असतात? दुचाकी, रिक्षा, टेंपो. घरोघर जेवण पोहोचविणारी मुले पाठीवर पेटी घेऊन ताटकळत असतात; एक फेरी चुकली की त्या रात्रीच्या कमाईतून तेवढे वजा. मद्याचा वास तर नाहीच, पण परवाना दाखव, विम्याचा कागद दाखव, धुराचे प्रमाणपत्र दाखव, डिकी उघड. काळ्या काचांची मोठी मोटार तेवढ्यात हळूच पुढे सरकते, कारण आत कोण आहे हे ठाऊक नसताना तिला हात दाखविण्याची जोखीम साधा शिपाई घेत नाही. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याची बदली कोणाच्या हाती आहे हे तो जाणतो. निवड शिपायाच्या मर्जीवर ठेवली की ती वर्गानुसार आणि वस्तीनुसार होते, नावानुसारही होते. दंडाचेही तेच. दहा हजार रुपये ही एकाच्या एका रात्रीच्या मेजवानीची रक्कम, दुसऱ्याची अर्ध्या महिन्याची कमाई. हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटविता येत नाही, न्यायालयात जावेच लागते. रोजावरच्या माणसाचा तो दिवस बुडतो आणि परवाना निलंबित झाला तर त्याची रोजीरोटीच निलंबित होते. पैसेवाल्याच्या गाडीला दुसऱ्या दिवसापासून पगारी चालक मिळतो.

आणि ज्यांच्यासाठी हे जाळे विणले ते मोठे मासे? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका अल्पवयीन मुलाने चालविलेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. त्याहून गंभीर बाब पुढे आली: आरोपीच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक करावी लागली. कायदा रक्ततपासणीला निर्णायक पुरावा मानतो. ती तपासणीच जर विकत घेण्याचा प्रयत्न होऊ शकत असेल, तर चौकात हजार दुचाकीस्वारांना फुंकर मारायला लावून कोणता न्याय साधला?

महाराष्ट्राला या बाबतीत जुना अनुभव आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पोलिसांना लोकांच्या तोंडाचा वास घेण्याचा अधिकार दिला, आणि हातभट्टी व हप्ता ही जोडगोळी त्या काळात घट्ट झाली. पोलिसाच्या नाकावर माणसे तुरुंगात जाऊ लागली म्हणूनच १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणीची पद्धत व प्रमाण कायद्यात घालावे लागले. तो कायदा आजही पुस्तकात आहे, मद्यपानाला परवाना लागतो ही तरतूदही आहे, आणि त्याच राज्याची तिजोरी मद्यावरील करांतून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल गोळा करते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील दारूची दुकाने बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक राज्य सरकारांनी काय केले? दुकाने हलविण्याऐवजी महामार्गांचा महामार्ग हा दर्जाच काढून टाकण्याची घाई केली. एका खिडकीतून मद्य विकायचे आणि शंभर पावलांवर अडथळा उभारून दंड वसूल करायचा, या व्यवहाराला लोककल्याण म्हणायला फार मोठे धैर्य लागते.

सरकारी आकड्यांचीही एक गंमत आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. त्यांपैकी अतिवेगाच्या खाती सुमारे ७१ टक्के मृत्यू मांडले आहेत आणि मद्य व अमली पदार्थांच्या खाती जेमतेम अडीच टक्के. हा आकडा पुढे करून कोणी म्हणेल की मग नाकाबंदीचा खटाटोप कशाला? पण अपघातातल्या किती चालकांचे रक्त वेळेवर तपासले जाते? जे तपासले नाही ते अतिवेगात जमा होते. मद्याचा वाटा याहून पुष्कळ मोठा असणार, हे राजस्थानातील रात्रीचे मृत्यू एक-चतुर्थांशाने घटले त्यावरूनच दिसते.

तेव्हा नाकाबंदी असावी, हा निष्कर्ष टाळता येत नाही. पण जी आज आहे ती नव्हे. सर्वांत प्रथम कायद्याचे शब्द वाकविणे थांबले पाहिजे. संशयाविना सर्वांची तपासणी करायची असेल तर २०३ व्या कलमात तशी दुरुस्ती संसदेपुढे उघडपणे आणावी, तिच्यावर चर्चा व्हावी आणि तिच्या मर्यादा त्याच कलमात लिहिल्या जाव्यात. पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला, तेव्हा त्यावर बंधन घालायचे तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे, अशी कसोटी घालून दिली. पोलीस आयुक्तालयाचे परिपत्रक या कसोटीला उतरत नाही. निवड शिपायाच्या हाती नको: प्रत्येक वाहन, किंवा गर्दी असेल तर दर पाचवे वा दहावे, मग त्यात मंत्र्याची मोटार येवो की भाजीचा टेंपो. प्रत्येक नाक्यावर जबाबदार दर्जाचा अधिकारी हजर असावा. जागा रोज बदलावी, पण मोहीम चालू आहे हे लोकांना आधी जाहीर असावे. धाक हाच हेतू असेल तर लपवाछपवीची गरज नाही.

आणि जिच्यावर तडजोड होऊ नये अशी अट म्हणजे, मद्याच्या नाक्यावर मद्याखेरीज दुसरे काही तपासू नये. एकदा माणूस थांबविला की त्याच्यावरची सत्ता किती सहज पसरते हे हैदराबादमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. गांजाच्या शोधाच्या नावाखाली पोलीस रस्त्यावर तरुणांना थांबवून त्यांचे मोबाइल उघडायला लावत आणि त्यांतील खाजगी संभाषणे चाळत होते. श्वासातून फक्त मद्य कळते. मोबाइलमधून मित्र कळतात, आणि माणूस कोणत्या सभेला व कोणत्या मोर्चाला गेला हेही कळते. ज्या कार्यकर्त्यांना मोर्चाच्या आदल्या रात्री ‘नाकाबंदीत’ अडविण्याचा अनुभव आहे, त्यांना या धोक्याचे वर्णन करून सांगावे लागणार नाही.

आणखी एक विचार सहसा या चर्चेत येत नाही. मुंबईत रात्री एकच्या सुमाराला लोकल थांबते ती पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होते. बाकीच्या शहरांत रात्री दहानंतर बस मिळणे दुरापास्त. उपाहारगृहे आणि मद्यालये मात्र रात्री दीडपर्यंत उघडी. प्यालेल्या माणसाने वाहन चालवू नये हे बरोबरच. पण त्याने, आणि त्याला वाढून दमलेल्या वेटरने, घरी जायचे कसे? ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे आणि बेस्ट जादा फेऱ्या सोडतात. वर्षाच्या उरलेल्या रात्रींत माणसे घरी जातच नाहीत, असा प्रशासनाचा समज दिसतो.

विधिमंडळात पक्षाचे व मित्रपक्षांचे जे थोडे सदस्य आहेत त्यांनी गृहखात्याला काही साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी राज्यात अशा किती नाकाबंद्या झाल्या? किती वाहने थांबविली, त्यांत दुचाकी किती, मोटारी किती? किती जणांची श्वासचाचणी झाली आणि त्यांतले किती दोषी निघाले? किती जणांची वैद्यकीय तपासणी दोन तासांत झाली आणि ती न झाल्यामुळे किती जणांना सोडले? श्वासमापक यंत्रांची अचूकता शेवटची केव्हा तपासली? नाक्यावर उघडलेल्या डिक्यांची नोंद कोणत्या कायद्याखाली ठेवली जाते? ही माहिती खात्याजवळ असेल तर ती सभागृहाच्या पटलावर ठेवायला अडचण नसावी. ती गोळाच केली जात नसेल, तर गेली इतकी वर्षे कोणत्या हिशेबावर ही मोहीम यशस्वी म्हणून सांगितली जात आहे, हा पुढचा प्रश्न त्याच अधिवेशनात विचारता येईल.